गवतातून आला की पाय चाटतो

यंदा पावसाळा सरता सरता आलेल्या पत्रांत कुत्र्यांच्या खाजेची पत्रं सगळ्यात जास्त होती. बहुतेकांनी दोष गवताला दिला आहे. काहींच्या बाबतीत तो खरा आहे, काहींच्या बाबतीत गवत बिचारं निर्दोष आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत. औषधांची मात्रा आपल्या पशुवैद्यकाशी बोलताना अंदाज असावा म्हणून दिली आहे. वजन आणि इतर आजार बघून ती ठरवणं त्यांचंच काम.

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर अडीच वर्षांचा आहे, वजन 31 किलो. गेल्या वर्षी आणि यंदाही गौरी-गणपतीच्या सुमाराला पुढचे पाय चाटायला लागला. पायाचे केस तांबूस झालेत, काखा आणि जांघा लाल आहेत. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आपोआप कमी झालं होतं. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला फिरायला नेतो. गवताची ॲलर्जी असेल का? पायाला कुठलं मलम लावू?
— वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तुमचं वर्णन परागकणांच्या ॲलर्जीशी चांगलं जुळतं. अशी ॲलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू या जातींत ती जास्त दिसते. माणसाला पराग बाधले की शिंका येतात आणि नाक वाहतं. कुत्र्याला खाज सुटते. पराग त्याच्या शरीरात मुख्यतः कातडीतून शिरतात, म्हणून पायाची बोटं, काखा, जांघा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि कान याच जागा लाल होतात. केस तांबूस होतात ते लाळेतल्या रंगद्रव्याने. रंग जितका गडद, तितकं चाटणं जुनं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा आपल्याकडे गवतं फुलोऱ्यात येण्याचा मुख्य काळ. हरळी, कुसळी आणि बांधावरची इतर गवतं, शिवाय गवताच्याच कुळातली ज्वारी-बाजरी, या सगळ्यांचे पराग वाऱ्यावर उडतात. त्यात काँग्रेस गवताची भर पडते. ते नावालाच गवत, खरं तर सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे.

तरीही ॲलर्जीचा शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या.

पहिली म्हणजे पिसवा. बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर विंचरा. निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापडावर टाका आणि मिनिटभर थांबा. भोवती तांबडट डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पूड काळीच राहिली तर माती. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, त्यामुळे अंगावर पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका. पिसवांची खाज कमरेच्या मागच्या भागात जास्त असते, परागांची पोटाकडच्या बाजूला आणि पायांत.

दुसरी म्हणजे खरूज. कानाच्या पाळीची कडा दोन बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला उचलला, कानाच्या कडा आणि कोपरं खरखरीत झाली असतील, घरातल्या कुणाच्या हातावर किंवा पोटावर बारीक पुरळ उठलं असेल, तर आधी खरजेचा उपचार. तिला हंगाम नसतो आणि ती झपाट्याने वाढत जाते.

तिसरी गोष्ट जंतू आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ॲलर्जीने सुजलेल्या कातडीवर हे दोघे हमखास घर करतात, आणि मग निम्मी खाज त्यांचीच असते. पोटावर पिवळट टोकाच्या पुळ्या किंवा गोल पापुद्रे दिसले तर जंतू. बोटांच्या बेचक्यात तेलकट मळ, कुबट-आंबूस वास आणि काळवंडून जाड झालेली कातडी असेल तर यीस्ट. डॉक्टरांना चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. काही मिनिटांचं काम आहे आणि पुढचा बराच खर्च वाचवतं.

मलमाचं म्हणाल तर बोटांवर लावलेलं मलम पाच मिनिटांत पोटात जातं. त्यापेक्षा फिरून आल्या आल्या पाय धुवा, फरक त्यानेच पडेल. दारात पसरट घमेलं ठेवा, घोट्यापर्यंत पाय बुडेल इतकं साधं पाणी घ्या. एकेक पाय मिनिटभर बुडवून बोटांच्या बेचक्यांत आपली बोटं फिरवा, कारण पराग तळव्यापेक्षा बेचक्यातच जास्त अडकतात. दोन पाय झाले की पाणी बदला. पोट, काखा आणि हनुवटी ओल्या कापडाने पुसा. मग जुन्या सुती पंचाने बेचक्यासकट कोरडं करा. ही शेवटची पायरी बरेच लोक गाळतात. ओल्या बेचक्यात यीस्ट वाढतं आणि पाय धुवूनही खाज वाढली अशी तक्रार येते.

फिरायची जागाही बदला. बरीच गवतं सकाळच्या वेळात पराग सोडतात, आणि पायथ्याच्या गुडघाभर गवतातून गेलेला कुत्रा अंगभर पराग घेऊनच बाहेर येतो. हे तीन महिने डांबरी रस्त्याने न्या. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा धुतलेली असते, ती वेळ साधा. आणि कॅलेंडरवर रोज खाजेला शून्य ते दहा असे गुण लिहा. झोपेतून उठून खाजवत असेल तर सात-आठच्या वर धरा. पुढच्या वर्षी हंगाम कधी सुरू होतो आणि कुठल्या उपायाने किती फरक पडतो, हे त्या आकड्यांतूनच कळेल.

प्रश्न : आम्ही कासच्या रस्त्याला राहतो. फुलांचा हंगाम आला की आमची बीगल खाजवायला लागते. पठारावरच्या फुलांमुळे होत असेल का?
— वाचक, सातारा

उत्तर : फुलांवर आळ नको. डोळ्यांत भरणारी रंगीत फुलं किडे-मधमाश्यांसाठी असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने फारसे लांब जात नाहीत. त्याच दिवसांत आजूबाजूचं गवतही फुलोऱ्यात असतं, ते कुणाच्या नजरेत भरत नाही, पण हवेत पराग सोडतं तेच. वरच्या उत्तरातले सगळे उपाय तुम्हालाही लागू आहेत. तुमच्याकडे पावसाळ्यात घरात ओल राहते. खाज जूनपासूनच सुरू होत असेल तर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचाही, म्हणजे डस्ट माइटचा, विचार करा. तिचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात, 60 अंशांच्या आसपास, धुवा. जुनी गोधडी, गालिचा, सोफा या जागा बंद करा.

प्रश्न : खाजेच्या कुत्र्याला किती वेळा अंघोळ घालावी? कुणी म्हणतं महिन्यातून एकदाच, कुणी म्हणतं रोज. आम्ही माणसांचाच शाम्पू वापरतो. रॉटविलर, 40 किलो.
— वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरते. परागांच्या हंगामात ॲलर्जीच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा, आणि कातडीवर जंतू किंवा यीस्ट असेल तर पहिले तीन-चार आठवडे दोनदा. अंघोळीने कातडी कोरडी पडते ही भीती चुकीच्या साबणामुळे आणि कढत पाण्यामुळे आलेली आहे. माणसाच्या कातडीची आम्लता कुत्र्याच्या कातडीपेक्षा जास्त असते आणि आपले शाम्पू त्या हिशोबाने केलेले असतात. कपड्याचा साबण, भांड्याचा साबण आणि जंतुनाशकाचं पाणी तर मुळीच नको.

शाम्पू कुठला? नुसता लाल आणि खाजरा असेल तर ओटमील असलेला सौम्य शाम्पू. पुळ्या किंवा वास असेल तर क्लोरहेक्सिडिन 2 ते 4 टक्के असलेला. यीस्ट असेल तर क्लोरहेक्सिडिनच्या जोडीला मायकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोल असलेला. बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा.

आता पद्धत. बंबाचं कढत पाणी नको, गरम पाण्याने खाज भडकते. साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. आधी पाच मिनिटं अंग पूर्ण भिजवा. रॉटविलरचे खालचे केस दाट असतात, वरून पाणी ओघळतं आणि आत कोरडंच राहतं, म्हणून हाताने केस उलटे सारून भिजवा. शाम्पू हातावर घेऊन सुरुवात जिथे खाज जास्त तिथून करा, म्हणजे पाय, काखा, जांघा, पोट, आणि पाठ शेवटी. मग घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटं थांबा. औषधी शाम्पू दोन मिनिटांत धुऊन टाकला तर त्यातलं औषध पाण्याबरोबर मोरीत जातं. शाम्पूचा गुण आला नाही म्हणणाऱ्यांत बहुतेकांचं इथेच चुकतं. या दहा मिनिटांत त्याला चाटू देऊ नका, गप्पा मारा किंवा पट्टा धरून अंगणात फिरवा. नंतर शाम्पू लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ पाणी ओता. काखेत राहिलेला फेसही खाज आणतो. टॉवेलने चोळू नका, दाबून टिपा. ड्रायर वापरलाच तर थंड हवेवर.

यातून निघणारी एक अडचण सांगून ठेवतो. मानेवर टाकायचं पिसवा-गोचिडांचं औषध आणि दर आठवड्याची अंघोळ यांचं जमत नाही. ते थेंब टाकण्याआधी आणि टाकल्यावर निदान 48 तास पाणी लागू द्यायचं नसतं, आणि वारंवारच्या शाम्पूने त्यांचा जोर कमी होतो. अशा कुत्र्याला पोटातून द्यायची गोळी बरी. अफॉक्सोलॅनर दर महिन्याला, फ्लुरालॅनर साधारण 12 आठवड्यांनी. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना ते जरूर सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध तिच्या आसपासही नको, मांजराला ते जीवघेणं ठरतं.

प्रश्न : खाजेवर सिट्रिझिन दिली तर चालेल का? किती?
— वाचक, विटा

उत्तर : देतात. साधारण दर किलो वजनाला 1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मोठ्या कुत्र्यालाही एका वेळी 20 मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. पण अपेक्षा माफक ठेवा. ही गोळी ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याला अडवते. कुत्र्याच्या खाजेत त्याचा वाटा माणसाइतका मोठा नसतो, त्यामुळे बऱ्याच कुत्र्यांना या गोळीने झोप येते आणि खाज तशीच राहते. हंगामाच्या आधीपासून सुरू केली तर थोडा उपयोग, अंग सोलवटून झाल्यावर नाही.

धोका वेगळाच आहे. औषधाच्या दुकानात सर्दीची गोळी म्हणून मिळतात त्या अनेक गोळ्यांत सिट्रिझिनच्या जोडीला पॅरासिटामॉल आणि फिनाईलएफ्रिन असतं. ती गोळी कुत्र्याला द्यायची नाही. पाकिटावर फक्त सिट्रिझिन लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. पातळ औषधात झायलिटॉल हे गोडवा आणणारं द्रव्य असलं तर तेही कुत्र्याला विषारी आहे.

प्रश्न : आमच्या जर्मन शेफर्डला दर पावसाळ्यात खाज येते. डॉक्टर एक इंजेक्शन देतात, दुसऱ्या दिवशी खाज बंद. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सुरू, पुन्हा इंजेक्शन. यंदा तो पाणी फार पितो, रात्री घरात लघवी करतो, पोट सुटलंय. इंजेक्शनमुळे का?
— वाचक, कराड

उत्तर : दाट शक्यता आहे. एका सुईत तीन-चार आठवडे खाज थांबवणारं औषध बहुधा लांब मुदतीचं स्टेरॉइड असतं, मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट किंवा ट्रायमसिनोलोन. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. खाजेने रात्रभर तळमळणाऱ्या कुत्र्याला त्याच्याइतका लवकर आराम फार थोड्या औषधांनी मिळतो. खटकतो तो लांब मुदतीच्या सुईचा प्रकार. एकदा टोचलं की परत काढता येत नाही, मात्रा कमी करता येत नाही, आणि अधूनमधून टोचत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. जास्त तहान, जास्त लघवी, अधाशीपणा, धाप, सुटलेलं पोट, पातळ होत गेलेली कातडी, वारंवार होणाऱ्या पुळ्या ही सगळी त्याचीच लक्षणं. काही कुत्र्यांत मधुमेहही डोकं वर काढतो. तुमच्या कुत्र्याची रक्तातली साखर, यकृताची तपासणी आणि लघवीची तपासणी या आठवड्यात करून घ्या. इंजेक्शनांची तारीखवार यादी बरोबर न्या. आणि आता मनाने सगळं एकदम बंद करू नका.

स्टेरॉइड द्यायचंच तर तोंडाने घ्यायची प्रेडनिसोलोनची गोळी बरी. खाजेसाठी दिवसाला दर किलोला अर्धा ते 1 मिलिग्रॅम, पाच-सात दिवस, मग मात्रा उतरवत एक दिवसाआड आणि मग बंद, असा तिचा क्रम. त्या काळात मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक चुकूनही नको. दोन्ही मिळून जठरात व्रण पाडतात. म्हणून लंगडतोय म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर खाजेचं काय चालू आहे ते आधी सांगा.

दरवर्षी तीन-चार महिने खाज येणाऱ्या कुत्र्यासाठी ऑक्लासिटिनिब ही गोळी आहे. दर किलोला 0.4 ते 0.6 मिलिग्रॅम, पहिले जास्तीत जास्त 14 दिवस दिवसातून दोनदा, पुढे एकदा. खाज पहिल्याच दिवसापासून उतरायला लागते आणि तहान-लघवीचा त्रास होत नाही. एक वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत, गंभीर जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तरी देत नाहीत. दोनदाची एकदा केली की काहींची खाज थोडी वाढते. तेव्हा गोळी वाढवण्याचा मोह टाळा, अंघोळ आणि पाय धुणं वाढवा. सायक्लोस्पोरिन हा तिसरा पर्याय, दर किलोला 5 मिलिग्रॅम रोज, पण त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे जातात. हंगाम तीन महिन्यांचा असेल तर औषध लागू पडेपर्यंत निम्मा हंगाम गेलेला असतो. बारमाही खाजेला ते जास्त सोयीचं.

आणि जाता जाता, सुई टोचण्याआधी कुणी कातडीचा नमुना पाहिला होता का? जंतुसंसर्ग तसाच ठेवून दिलेल्या स्टेरॉइडने खाज झाकली जाते आणि संसर्ग आत वाढत राहतो. पुढच्या वेळी खाज आधीपेक्षा जोरात येते त्याचं एक कारण हे.

प्रश्न : कृष्णेच्या काठाने फिरून आलो आणि कुत्री एकाएकी डोकं झटकायला लागली. मान एका बाजूला तिरकी धरते, कानाला हात लावू देत नाही. कानात तेल घातलं. ॲलर्जी का?
— वाचक, मिरज

उत्तर : नाही, हे कुसळ असण्याची शक्यता जास्त. ॲलर्जीचा कान दोन्हीकडे, हळूहळू आणि पुन्हा पुन्हा दुखतो. फिरून आल्यावर घटकाभरात एकच कान दुखायला लागला तर आत काहीतरी शिरलंय असं समजायचं. कुसळाला टोकाकडून मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. पडद्यापर्यंत गेलं तर पडदा फाटतो. कापसाची काडी घालू नका, ती त्याला आणखी आत ढकलते. तेलही आता पुरे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, गरज पडली तर गुंगी देऊन चिमट्याने काढतात.

बोटांच्या बेचक्यातही हेच. एकाच पायाच्या एकाच बेचक्यात टपोरी गाठ आली, फुटली, अँटिबायोटिकने बसली आणि महिन्याने तिथेच परत आली, तर आत कुसळ आहे. ते निघाल्याशिवाय जखम भरत नाही. ऑक्टोबरनंतर गवत वाळलं की हा त्रास वाढतो. लांब केसांच्या कुत्र्यांचे बोटांमधले आणि कानाखालचे केस तेवढ्यापुरते कापून ठेवा.

प्रश्न : द्राक्षबागेत राखणीला असणाऱ्या कुत्र्याच्या पोटावर लाल पुरळ आहे. बाकी अंगाला काही नाही. बांधावर काँग्रेस माजलंय. नातेवाईक म्हणतात जुनं ऑइल लाव, आजी म्हणते हळद.
— वाचक, तासगाव तालुका

उत्तर : जिथे केस नाहीत तिथेच पुरळ, म्हणजे कातडीला थेट काहीतरी लागतंय. काँग्रेसमधल्या पार्थेनिन या द्रव्याने माणसांची आणि गुरांची कातडी पेटते, आणि त्यात लोळणाऱ्या कुत्र्याचं उघडं पोट त्याला अपवाद कशाला असेल? पण तुमच्याकडे दुसरा संशयित फवारणी आहे. पुरळ फवारणीच्या दिवसांना धरून उठतं का, ते फवारणीच्या वहीशी ताडून बघा. फवारलेल्या ओळींत कुत्र्याला पाणी पूर्ण वाळेपर्यंत जाऊ देऊ नका. दहा दिवस त्याला बागेपासून लांब, गोठ्यापाशी बांधून बघा. रोज पोट साध्या पाण्याने धुवा. पुरळ गेलं आणि बागेत सोडल्यावर परत आलं, की तुमचं निदान झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

गाडीचं जुनं ऑइल हा आपल्याकडचा पिढीजात अघोरी उपाय. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, यकृत आणि मूत्रपिंडं नासवतं, कातडी भाजते. रॉकेल, फिनेल, डांबर गोळ्या याच रांगेतल्या. आजीच्या हळदीने असं नुकसान नाही, पण कुत्रा पिवळा होतो आणि खालची लाली डॉक्टरांना दिसत नाही. दाखवायला नेण्याआधी दोन दिवस तरी लावू नका.

बागेत कुत्रा आहे म्हणून हेही लिहितो. द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. किती खाल्ल्यावर बाधेल हे कुत्र्यागणिक बदलतं, मूठभर बेदाण्यानेही काही कुत्री दगावतात. शेडवर बेदाणा वाळत असतो तेव्हा त्याला तिकडे मोकळा सोडू नका. खाल्लेला दिसला तर उलट्यांची वाट न बघता लगेच न्या.

प्रश्न : आमच्या पगला बाराही महिने खाज आहे. कुणीतरी चिकन बंद करा म्हणालं, म्हणून पंधरा दिवस बंद केलं. फरक नाही. म्हणजे खाण्याची ॲलर्जी नाही ना?
— वाचक, सदरबाजार, सातारा

उत्तर : पंधरा दिवसांत काहीच सिद्ध होत नाही. आहार बदलून बघायचा तर निदान आठ आठवडे, आणि एकच पदार्थ काढून भागत नाही. कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू वरच्या क्रमांकावर येतात. तुमचं चिकन बंद झालं, पण सकाळची दूध-चपाती चालू राहिली असेल, तर प्रयोग सुरूच झाला नाही.

त्याने आजवर कधीच न खाल्लेलं एक मांस आणि एकच पिष्ट निवडा. मासे कधी दिले नसतील तर काटे काढून उकडलेले मासे आणि रताळं. ते जमत नसेल तर डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकड्यांत फोडलेल्या, प्रथिनांचं तयार खाद्य घ्या. आठ आठवडे तेच. बिस्कीट, चघळायचं हाड, पाहुण्यांनी दिलेला घास, चवीच्या जंताच्या गोळ्या, सगळं बंद. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलांमुळे किंवा आजोबांच्या प्रेमामुळे. खाज उतरली तर पुन्हा जुनं खाणं सुरू करून बघा. दोन आठवड्यांच्या आत खाज परत आली तरच खाण्याचा दोष नक्की. पिल्लांसाठी घरचा असा अपुरा आहार नको, आणि आठ आठवड्यांच्या पुढे मोठ्यांनाही त्यात खनिजं-जीवनसत्त्वं घालावी लागतात.

ज्यांच्या कुत्र्याला फक्त पावसाळ्यानंतरच खाज येते त्यांनी या भानगडीत पडायचं कारण नाही. चिकन बारा महिने खाऊन खाज तीनच महिने येत असेल तर दोष चिकनचा नाही.

प्रश्न : रक्त तपासून कशाची ॲलर्जी आहे ते कळतं का? आणि जवसाचं तेल दिलं तर? आम्ही जवसाची चटणी घरी करतोच.
— वाचक, इस्लामपूर

उत्तर : रक्ताची चाचणी आहे, कातडीत सूक्ष्म मात्रा टोचून बघण्याचीही आहे. पण त्यांनी ॲलर्जी आहे की नाही हे ठरत नाही. ते लक्षणांवरून आणि बाकीची कारणं बाद करूनच ठरतं. निरोगी कुत्र्याचीही चाचणी हरळीला होकारार्थी येऊ शकते. चाचणीचा खरा उपयोग इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे बाधणाऱ्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेत देऊन शरीराला सवय लावण्यासाठी. तिचा गुण कळायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि सगळ्यांनाच येतो असं नाही. साधारण निम्म्याहून अधिक कुत्र्यांना चांगला फरक पडतो. तुमच्याकडे पूर्वेच्या दुष्काळी भागातून कुत्रा आणला असेल तर वेड्या बाभळीचे पराग यादीत आहेत का ते विचारा. कातडीची चाचणी करायची असेल तर आधी तोंडाने चालू असलेलं स्टेरॉइड निदान दोन आठवडे आणि सिट्रिझिन आठवडाभर बंद ठेवावं लागतं. केस किंवा लाळ पाठवून करायच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या चाचणीवरही नको. अवघड केस असेल तर सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी चौकशी करून, आजवरचे सगळे कागद घेऊन जा.

जवसाचं म्हणाल तर त्यातलं ओमेगा-3 कुत्र्याचं शरीर उपयोगी रूपात फार थोडं बदलू शकतं. चटणीत तर मीठ, तिखट आणि लसूण, म्हणजे नकोच. माशाचं तेल द्या. 1000 मिलिग्रॅमच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-3 ची उपयोगी रूपं, म्हणजे ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिलिग्रॅम असतात. दर किलोला 50 मिलिग्रॅमच्या हिशोबाने 24 किलोच्या कुत्र्याला रोज चार कॅप्सूल होतात. पहिल्या दिवशी चारही दिल्या तर जुलाब लागतील. एकीपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत चारवर या. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून गणपतीत खाज येणाऱ्यांनी वटपौर्णिमेपासून सुरू करायचं.

प्रश्न : अंगणात हरळीचं लॉन आहे. काढून फरशी टाकू का?
— वाचक, कुपवाड रोड, सांगली

उत्तर : नको. पराग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून आणि शिवारातूनही येणारच. फरशी उन्हात तापून पाय भाजेल ते वेगळंच. लॉन आठवड्याला कापा, तुरा येऊच देऊ नका. कापताना आणि पुढे तासा-दोन तासांपर्यंत कुत्रा घरात ठेवा. तणनाशक मारू नका. कुंपणाच्या कडेचं काँग्रेस मात्र पांढरी फुलं यायच्या आत मुळासकट उपटा, तेही हातमोजे घालून, पूर्ण बाहीचा शर्ट घालून आणि नाकाला रुमाल बांधून.